लष्करी लिलावातून घेतलेला एमईपी-८०३ए जनरेटर घरी चालवतो. सायलेन्सरमधून काळं, चिकट तेल गळतंय. इंजिन गेलं का?

बहुतेक नाही, त्याला पुरेसा लोडच मिळत नाहीये. हा अमेरिकी सैन्याचा १० किलोवॉटचा सेट. घरचा फ्रिज, दिवे आणि वायफाय मिळून एक किलोवॉटही होत नाही. एवढ्याशा लोडवर सिलिंडर तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि उरलेलं काजळीत मिसळून एक्झॉस्टमध्ये साचतं. तेच तुम्हाला गळताना दिसतंय.

उपाय स्वस्त आहे. व्होल्टेजचा सिलेक्टर इंजिन बंद असतानाच १२०/२४० वर ठेवा, म्हणजे १२० व्होल्टच्या दोन लाइन मिळतात. मग १५०० वॉटचे पाच रूम हीटर दोन्ही लाइनवर शक्य तितके सारखे वाटून एकेक करत चालू करा आणि सेट दोनेक तास पळवा. आधी धूर वाढेल, घाबरू नका. मात्र साचलेलं तेल पेट घेऊ शकतं, म्हणून सेट भिंतीपासून, सुक्या पाल्यापासून लांब, उघड्यावरच हवा.

एवढं करूनही गळती थांबली नाही, किंवा डिपस्टिकवर ऑइल चढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर लोडचा प्रश्न नाही. इंजेक्टर तपासून घ्या, ऑइल बदलल्याशिवाय सेट चालवू नका.