सिंक करूनही लाइट गेल्यावर ग्रबला नवा कर्नल शून्य बाइटचा का दिसतो?

तुमची डिस्क बिघडलेली नाही, आणि सिंकनेही (मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवणाऱ्या कमांडनेही) आपलं काम चोख केलंय. तुम्ही लिहिलंय की अपडेटनंतर सिंक केलं, लगेच लाइट गेली आणि ग्रब, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल (लिनक्सचा गाभा) लोड करणारा प्रोग्राम, रिकाम्या फाइलवर अडला. पण पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बूट पार्टिशन (कर्नल ठेवलेला डिस्कचा भाग) माउंट केलं, म्हणजे वापरासाठी जोडलं, तर फाइल पूर्ण होती, आणि नंतर मशीन आपसूक सुरू झालं. माझ्याकडेही अगदी असंच झालं होतं. खुबी त्या माउंटमध्ये आहे.

एक्सएफएस काय किंवा ईएक्सटी4 काय, या फाइल सिस्टिम फाइलचं नाव, आकार आणि ब्लॉक कुठे आहेत हे आधी जर्नलमध्ये टिपतात, मग सवडीने मूळ जागी उतरवतात. जर्नल म्हणजे रोजकीर्द, मूळ जागा म्हणजे खतावणी. सिंक संपलं तेव्हा फाइलचा मजकूर डिस्कवर होता, पण तिची नोंद फक्त रोजकीर्दीत पडली असेल तरी सिंकच्या लेखी काम झालं. लिनक्सला तेवढं पुरतं, कारण माउंट करतानाच तो उरलेल्या नोंदी खतावणीत चढवतो. ग्रब जर्नल उघडतच नाही. तो थेट खतावणी वाचतो, आणि तिथे आकार अजून शून्यच असतो.

म्हणून अपडेटनंतर बूट पार्टिशन क्षणभर गोठवा, म्हणजे त्यावरचं लिखाण थांबवा. एफएसफ्रीझ कमांड एफ पर्यायाने गोठवते, यू पर्यायाने मोकळं करते. दोन्ही एकाच ओळीत लागोपाठ द्या. गोठवताना जर्नलमधलं सगळं मूळ जागी उतरवावंच लागतं. पण बूट हे वेगळं पार्टिशन असेल तरच हे करा! नुसतं रूटमधलं (मुख्य पार्टिशनमधलं) फोल्डर असेल तर अख्खी रूट गोठेल आणि मशीन अडकून बसू शकतं.

मशीनचं फर्मवेअर जिथून बूट सुरू करतं ते ईएफआय पार्टिशन फॅट या साध्या फाइल सिस्टिमचं असतं. त्याला जर्नलच नाही, त्यामुळे तिथे सिंक पुरतं. धोका आहे तो लिहिता लिहिता लाइट जाण्याचा. जुन्या फाइलवर लिहू नका, नव्या नावाने लिहून सिंक करा आणि मगच बूटची नोंद बदला.

नवा कर्नल एकदा नीट बूट होईपर्यंत जुना काढू नका. ग्रबची मेन्यू फाइलही त्याच अपडेटमध्ये लिहिली जाते, तीही रिकामी दिसली तर ग्रबच्या प्रॉम्प्टवरून जुना कर्नल हाताने सुरू करता येतो. त्याची नोंद खतावणीत कधीच चढलेली असते.