अर्थव्यवस्था हळूहळू सावरत असताना जपून पैसे वापरल्याचा खरंच फायदा होतो का?

होतो, पण व्याजातून नाही. मे २०२० मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते आणि ज्यावरून ठेवींचे व कर्जांचे दर हलतात तो, ४ टक्क्यांवर आला आणि मे २०२२ पर्यंत तिथेच राहिला. एफडीवर जेमतेम पाच-साडेपाच टक्के आणि महागाई त्याहून जास्त. म्हणजे साठवणाऱ्याचे पैसे बसल्या जागी झिजत होते, हे कबूल करायलाच हवं.

खरा फायदा मी मामांच्या दुकानात पाहिला. सांगलीत त्यांचं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान. कोरोनात शाळा बंद म्हणजे गल्ला बंद. त्यांनी आठ महिन्यांचं भाडं एफडीत बाजूला ठेवलं होतं, ती मोडून दिवस काढले. शेजारच्या दुकानदाराने महिना शेकडा तीनने, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांनी, उसने घेतले. शाळा उघडल्या तेव्हा मामांकडे वह्यांचे गठ्ठे रोखीने उचलायला पैसे होते. शेजारी अजून व्याजच भरत होता.

दुसरं म्हणजे स्वस्त कर्ज कायम स्वस्त राहत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ३० लाखांच्या, २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता ७ टक्क्यांना साधारण २३,२६० रुपये होतो, साडेनऊ टक्क्यांना जवळपास २७,९६०. ज्यांनी पगाराच्या टोकापर्यंत हप्ता ताणला होता, त्यांचं कंबरडं मोडलं.

मात्र मुलांची फी, औषधं, विम्याचा हप्ता यात काटकसर करू नका. आधी सहा महिन्यांचा घरखर्च साठवा, मग महागडं कर्ज फेडा आणि त्यानंतर एसआयपीचा, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचा, विचार करा.