अर्धशिशीसाठी लॅक्टेट-पायरुवेटची रक्ततपासणी करावी का?

निपाणीहून बहिणीसाठी विचारलंय, म्हणून सांगतो: सध्या नको. अर्धशिशीचं निदान लक्षणांवरूनच होतं. मायटोकॉन्ड्रिया ही पेशीतली ऊर्जा बनवणारी चूल; अर्धशिशीत ती मंद असावी असा एक कयास आहे, म्हणून या तपासणीचा विचार होतो. ती नीट पेटली नाही की साखरेपासून बनलेलं पायरुवेट पुरतं न जळता त्याचं लॅक्टेट होतं आणि ते रक्तात वाढतं, हे खरं. पण दंडाला पट्टा आवळून, मूठ घट्ट मिटायला लावून रक्त काढलं, नळी बर्फाविना खानापूरहून बेळगावला धाडली, तरी ते वाढतं! माझं तसंच झालं, फुकट घोर लागला.

तपासणीपेक्षा उपायाचं बघा: 1998 च्या चाचणीत, याच चुलीला लागणाऱ्या रायबोफ्लेविनने (ब-2 जीवनसत्त्वाने), रोज 400 मिलिग्रॅम घेऊन, तीन महिन्यांत 59 टक्के रुग्णांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्याने तरी घटले. प्लासिबोने, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीने, 15 टक्क्यांचे. लघवी पिवळीधमक होते, घाबरू नका. डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या.