सावकाराचे आणि बँकेचे कर्ज थकले असताना सरकारकडून कोणती मदत मिळते?

कर्ज भागवण्यासाठी सरकार सरसकट पैसे देत नाही, पण सावकाराच्या कर्जाच्या बाबतीत कायद्याचे संरक्षण पुष्कळ आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार विनापरवाना सावकारी करणाऱ्यास 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वार्षिक 9 टक्के आणि विनातारण कर्जावर 12 टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. सावकाराचा ‘शेकडा पाच’ हा दर म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला पाच रुपये, अर्थात वर्षाला 60 टक्के, हे लक्षात घेतले की फरक कळतो. सावकाराने जमीन खरेदीखताने स्वतःच्या नावावर करून घेतली असल्यास सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज करावा. चौकशीत तो व्यवहार सावकारीतूनच झाल्याचे सिद्ध झाले, तर जमीन परत करण्याचा आदेश ते देऊ शकतात. अर्जासोबत सातबारा, फेरफार, खरेदीखत आणि पैसे दिल्याघेतल्याची एखादी चिठ्ठी जोडावी. अशी प्रकरणे बहुधा पुराव्याअभावीच अडतात.

बँकेच्या थकबाकीसाठी लोकअदालतीत तडजोड करता येते आणि तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही. मात्र त्या निवाड्यावर अपील नसल्याने रक्कम व हप्ते नीट वाचूनच सही करावी. वसुली एजंट सकाळी 8 पूर्वी किंवा सायंकाळी 7 नंतर फोन करत असल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी, आणि 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागावी. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही.