डून खीनला निघण्याआधी

आयरिश भाषा शिकायला घेतलीस आणि थेट आयर्लंडच्या केरी परगण्यातल्या डून खीन गावाला निघालास, झकास! पण तिथल्या बोलीचा कान आधी तयार कर. आयर्लंडच्याच गॉलवे परगण्याकडचं 'कसा आहेस' तिथे वेगळं पडतं, केरीत ते 'कॉनस' असं सुरू होतं. होडीलाही 'करख' नाही, 'नेवोग' म्हण. लाकडी पट्ट्यांवर कॅनव्हास, वर डांबर. इतकी हलकी की माणसं उलटी करून डोक्यावर नेतात. लांबून पाय फुटलेला काळा भुंगाच! समोरचं ग्रेट ब्लास्केट बेट १९५३ साली रिकामं झालं, तेव्हा जेमतेम २२ माणसं उरली होती. बेटाच्या होड्या हवा बघूनच सुटतात, म्हणून एक दिवस जास्तीचा ठेव. होडी चुकली, तर बेटावरच्या जगण्याची माहिती देणारं गावातलं ब्लास्केट केंद्र आहेच.