उदगीरहून एका दिवसात राजवाडा आणि बाग दोन्ही दाखवायचं तर नववीच्या मुलांना कुठं न्यावं?

बिदरला न्या. राज्य बदलतं म्हणून लांब वाटतं एवढंच. 1956 पर्यंत उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. परराज्यातली सहल म्हणून परवानगीचा कागद मात्र आधी करून ठेवा.

मी दोनदा लेकरं घेऊन गेलोय. पहिल्यांदा हावरटपणा केला. किल्ला, महमूद गवानचा मदरसा, नानक झिरा गुरुद्वारा, बरीदशाही मकबरे, सगळं एकाच दिवसात कोंबलं. किल्ल्यातल्या रंगीन महालाला कुलूप दिसलं तर तसेच पुढं निघालो. नंतर एकानं निबंधात लिहिलं, 'बिदरला आम्ही खूप चाललो.' खरंच होतं ते.

दुसऱ्यांदा दोनच गोष्टी धरल्या. आधी किल्ला. खंदकापाशीच एकीनं विचारलं, "सर, इथला दगड लाल कसा?" आपल्याकडं सगळा काळा कातळ बघितलेला, तिथं जांभा. तो कोरून तिहेरी खंदक काढलाय. लालबागेत जरा बसलो, आणि मग रंगीन महाल. कुलूप होतंच, पण चौकीदारमामांना गोड बोलून उघडून घेतलं. हे कराच, त्याशिवाय गेल्यासारखं नाही. सोळाव्या शतकात अली बरीदशहानं सजवलेल्या या खोल्या तशा लहानच आहेत. कोरीव लाकडी खांब आहेत, आणि आत काळ्या दगडात शिंपल्याची नक्षी बसवलेली. दारातून उजेड आला की वेल चमकते, तुमची सावली पडली की विझते. पोरं पाळीपाळीनं पुढं-मागं सरकून तेच बघत बसली.

तिथून थेट बिदरी कामाच्या कारखान्यात. जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर नक्षी कोरायची, खाचेत चांदीची तार ठोकायची, मग किल्ल्यातली माती आणि नवसागराच्या गरम पाण्यात भांडं काळं करायचं. चांदी तेवढी पांढरी राहते. मी काही सांगायच्या आत मागून आवाज आला, "हे तर महालातलंच!"

कारागीरचाचा माती जिभेवर ठेवून पारखतात. एकानं विचारलं, "चाचा, आमच्या उदगीरच्या किल्ल्याची माती चालंल का?" म्हणाले, "घेऊन ये, चाखून सांगतो."

डबे सकाळीच बांधून न्या. धपाटे संध्याकाळपर्यंत टिकतात, पोळीभाजीचं उन्हात काही खरं नाही.