अंगठा उडत नाही तेव्हा

प्रिय डॉक्टर,

काल रात्री तुझ्या टीएमएसच्या पेशंटबद्दल फोनवर म्हणालास, "सर, याचा थ्रेशोल्ड इतका वर कसा? कॉइल बिघडलीय का?" कॉइल तपासून घे, पण दोष तिचा असेल असं मला वाटत नाही.

टीएमएस म्हणजे डोक्यावर कॉइल धरून मेंदूला चुंबकाचे ठोके द्यायचे; त्याची मात्रा आपण अंगठ्यावरून ठरवतो. ज्या जोराला दहा ठोक्यांपैकी पाच वेळा अंगठा जेमतेम उडतो, तो आकडा थ्रेशोल्ड म्हणून धरायचा. बरीच वर्षं कोकेन घेतलेल्यांमध्ये हा आकडा चढलेला सापडतो, आणि तोही शेवटच्या नशेला आठवडे उलटल्यावर. गंमत अशी, की ताजं कोकेन फिट येण्याची शक्यता वाढवतं. म्हणून मेंदूनेच आतून ब्रेक लावला असावा, असा एक तर्क आहे. तुझी पंचाईत इथेच आहे. ब्रेक बघून तू मात्रा चढवणार, आणि पठ्ठ्याने आदल्याच रात्री ओढलेलं असलं तर?

डोपामिन परत उचलणारा पंप कोकेन अडवतं, वगैरे तू परीक्षेसाठी घोकलं आहेस. ते सोडू. खरी मेख कपाळामागे आहे. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग आला. पायाला विजेचा चटका बसत असूनही काही उंदीर कोकेनसाठी दांडी दाबतच राहिले. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशी सुस्तावलेल्या निघाल्या; प्रकाशाने त्या जागवल्यावर दांडी दाबणं कमी झालं. त्यावरूनच इटलीत पाडुआच्या डॉक्टरांनी व्यसनी माणसांच्या डोक्यावर कॉइल धरली. २०१६ चा तो अभ्यास ३२ जणांचा. निकाल आशादायक, पण कोणाला कुठला उपचार चालू आहे हे झाकलेलं नव्हतं.

पुढे २०१८ मध्ये अमेरिकेत स्कॅनरमध्येच ठोके देऊन बघितलं. कोकेनच्या रुग्णांत पुढून दिलेला ठोका आत किती पोचतो, हे मेंदूतल्या करड्या आणि पांढऱ्या द्रव्याच्या अवस्थेवर अवलंबून होतं. पाटच फुटका असेल तर मोटरचा हॉर्सपॉवर वाढवून शेवटच्या वाफ्यात पाणी जात नाही. अमेरिकेत टीएमएसला नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि धूम्रपानासाठी २०२० मध्ये मंजुरी मिळाली, कोकेनसाठी नाही. आईवडिलांना शब्द देताना हे ध्यानात ठेव.

मी एकदा चुकलो आहे. नैराश्याचा मुलगा, वडील शेजारी बसलेले, आणि मी सरळ विचारलं, "काही नशा वगैरे?" त्याने नकारार्थी मान हलवली. मी अर्धा तास कॉइल इकडेतिकडे सरकवत बसलो. चौथ्या दिवशी जिन्यात गाठून त्यानेच सांगितलं, की तो कोकेन घेतो. एका माणसाच्या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, पण त्या तीन दिवसांत त्याला फिट आली असती तर जबाबदारी माझी होती.

तेव्हा उद्या वडिलांना चहाला पाठव. 'घेतोस का' म्हणू नकोस, 'शेवटचं कधी घेतलंस' असं विचार, आणि रोज विचार. पोलिसासारखा आवाज लावू नकोस.

आणि परवा त्याच्या कानात इअरप्लग घालायचे राहिले होते, मी पाहिलं.

तुझा,
सर